देस, रूपक आणि लूपर : प्रकल्प नोंदी

२५ मे

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापाचे नऊ दिवस, आजपासून लागला. दुपारी वाद्याला हात लावण्यात अर्थ नाही, म्हणून सराव संध्याकाळी सातनंतर, नागपूरच्या महाल भागात काकांच्या माडीवर. मंडळी तीनच: काका (हार्मोनियम, वेळप्रसंगी खंजिरी), माझा मावसभाऊ (गिटार आणि लूपर, म्हणजे वाजवलेला तुकडा नोंदवून तो पुन्हा पुन्हा फिरवणारं पायाचं पेडल) आणि मी (व्हायोलिन).

काम असं ठरलंय. देस रागातली एकच गत, ताल रूपक, दोन पद्धतींनी लूपरवर बसवायची. पहिली रूढ, म्हणजे भाऊ सदरमधल्या कॅफेत करतो ती: आधी ठेका, त्यावर खर्ज, त्यावर कॉर्ड, आणि सगळं फिरायला लागलं की वर मोकळं वाजवायचं. दुसरी प्रायोगिक. तिच्यात लूप साथीला बसत नाही, तोच एक वाद्य होतो. तो उलटा फिरवायचा, अर्ध्या वेगाने सोडायचा, विरू द्यायचा, दोन लूप एकमेकांपासून सरकू द्यायचे. जुलैअखेर धरमपेठेत एका घरगुती बैठकीत दोन्ही सलग सादर करायच्या.

काकांनी पेडल हातात घेऊन खालून-वरून पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे हा लेहरा धरणारा झाला?"

प्रश्न बरोबर आहे. तबल्याच्या सोलोला हार्मोनियम किंवा सारंगीवाला एकच ओळ अर्धा-पाऊण तास फिरवत बसतो, इतका की ऐकणाऱ्याला तो दिसेनासा होतो. काकांची हयात त्यात गेली. आपल्याकडे लूप जुनाच आहे, फक्त तो आजवर माणूस वाजवत आला.

२८ मे

लेहरा आणि लूप यांतला फरक लगेच उघडा पडला. काकांनी लेहरा धरला, भाऊने त्याचं एक आवर्तन, म्हणजे तालाची एक पूर्ण फेरी, पकडून फिरवलं. लय मिनिटाला ८४ मात्रा. या लयीत रूपकाच्या सात मात्रा बरोबर ५ सेकंदांत बसतात, हिशेबाला सोपं, म्हणून हीच कायम ठेवू. मग काकांनी खंजिरी घेतली आणि सवयीने लय चढवत नेली. लूप कशाला चढतोय! थोड्याच आवर्तनांत दोघांच्या समा, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रा, वेगळ्या पडल्या.

"हे समेवर येते बरोबर," काका म्हणाले, "पण माही वाट नाही पाहत."

भाऊने उपाय दाखवले. लूपचा वेग वाढवला तर सूरही चढतो. ८४ वरून ९६ वर गेलं की काळी एकचा सा (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी) काळी दोनच्याही वर जाऊन बसतो. सूर तोच ठेवून वेग वाढवण्याची सोय लॅपटॉपवर आहे, पण तिच्यात हार्मोनियम थरथरतो आणि खंजिरीचा ठोका भुसभुशीत होतो. तेव्हा रूढ भागात लय स्थिर, हे पक्कं. चढती लय हवीच असेल तर ती दुगुन-तिगुनमधून, म्हणजे त्याच लयीत दुप्पट-तिप्पट वाजवून, आणायची, ठेका जागचा हलणार नाही. काकांना हे पटलेलं नाही. गप्प बसले, म्हणजे पटलेलं नाही.

३१ मे

कूलर!

माडीवर तो बंद करून बसणं अशक्य. पण माइकवर घेतलेला प्रत्येक थर आपल्यासोबत कूलरही घेऊन येतो. एका थरात कळत नाही. थरांची संख्या दुप्पट झाली की हा गोंगाट ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे चार थरांवर ६. आज सगळं वाजवणं थांबवून नुसता लूप फिरू दिला, तर खोलीत दोन कूलर असल्याचं ऐकू आलं.

त्यात मोटारची गुणगुण वेगळी. वीज ५० हर्ट्झची, मोटार गुणगुणते १०० हर्ट्झवर. आमचा सा काळी एक. त्या हिशेबाने हा सूर तीव्र मध्यमाच्या किंचित वर आणि पंचमाच्या बराच खाली लोंबकळतो. देसमध्ये तीव्र मध्यमाला जागाच नाही. काकांचा कान तिथेच गेला: "कोण बेसूर होऊन राहिलं?"

बर्डीच्या (सीताबर्डी) बाजारातून पिझोच्या चकत्या आणल्या, चहाच्या दोन कपांच्या पैशांत एक. एक हार्मोनियमच्या लाकडाला आतून, एक व्हायोलिनच्या ब्रिजजवळ. चकती लाकडाचा कंप उचलते, हवेतला कूलर जवळजवळ उचलतच नाही. मात्र तिला मोठ्या अवरोधाचं इनपुट लागतं, १ मेगाओमच्या आसपास. थेट मिक्सरला खुपसली की खर्ज गळतो आणि व्हायोलिन नाकात बोलायला लागतो. मध्ये छोटा प्रीअँप टाकल्यावर निवळलं.

प्रायोगिक भागासाठी कूलरचा एक थर मी जपून ठेवला आहे. भाऊ हसतो. हसू दे.

४ जून

पायाचा प्रश्न. आपल्या बैठकीत व्हायोलिनवाला मांडी घालतो, उजवा पाय जरा पुढे सोडतो आणि वाद्याचं टोक घोट्याजवळ टेकवतो. डावा पाय घडीत. पेडल दाबायला पाय शिल्लक राहतच नाही. ही यंत्रं उभं राहून गिटार वाजवणाऱ्याच्या अंगाने बनली आहेत. खुर्चीवर बसून हनुवटीखाली धरलं तर पाय मोकळा होतो, पण मग वाद्याचा तोल काही अंशी डाव्या हातावर येतो आणि लांब मींडेला, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायला, बोट बिचकतं. देसमध्ये मींडेशिवाय काय उरलं?

काकांचा डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर. राहिला भाऊ.

म्हणून वाटणी अशी: रूढ भागात भाऊ स्वतःचं वाजवतो आणि स्वतः दाबतो. प्रायोगिक भागात वाजवायचं मी, दाबायचं त्याने. माझ्या वाजवण्यातलं काय राहणार आणि काय वाऱ्यावर जाणार, हे मला आधी कळत नाही. आज त्याने रिषभावर येणारी एक मींड निम्म्यात कापून फिरवली. रिषभ आलाच नाही. दर पाच सेकंदांनी मध्यमावरून निघायची आणि गंधारापाशी तुटायची. देसात वादी, म्हणजे मुख्य स्वर, रिषभ, आणि तोच गायब. मग तो रिषभ दर खेपेला मी निराळ्या वाटेने भरत गेले: कधी खालून, कधी पंचमावरून उडी मारून, कधी नुसता गज उचलून धरून. लूपिंगमध्ये असं काही होऊ शकतं हे मला आज पहिल्यांदा दिसलं.

९ जून

पाऊस नाही. काकांची प्रकृती बरी नाही, सराव नाही. त्यांच्याकडे बसून जुन्या गोष्टी सांगितल्या.

अमेरिकन संगीतकार टेरी रायली यांनी १९६३ मध्ये पॅरिसला दोन टेपरेकॉर्डर एकाच फितीने जोडले होते. पहिल्यावर मुद्रण, तीच फीत ताणून दुसऱ्यावर वाचन, आणि तिथून निघालेला आवाज पुन्हा पहिल्याकडे. पुढे सत्तरच्या दशकात रॉबर्ट फ्रिप यांनी दोन रिव्हॉक्स यंत्रांवर गिटार याच रीतीने वाजवली. फीत सेकंदाला १९ सेंटिमीटर धावते, म्हणजे दोन यंत्रांच्या डोक्यांमध्ये एक मीटर फीत असली की सूर सव्वापाच सेकंदांनी परत येतो. या मापाने आमचं रूपकाचं आवर्तन ९५ सेंटिमीटरचं. आवर्तन फुटपट्टीने मोजता येतं म्हटल्यावर काका उठून बसले. रायली १९७० पासून किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांकडे शिकले हे सांगितलं, तेव्हा तर, "मग तो घरातलाच निघाला!"

त्या फितीची एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. प्रत्येक फेरीत सूर थोडा झिजायचा, वरची चमक आधी जायची. आमचं पेडल काहीही झिजू देत नाही. पहिला थर शंभराव्या फेरीलाही पहिल्याइतकाच ठणठणीत.

१५ जून

रूढ भागाचा ठेका खंजिरीवर घ्यायचा ठरलं. तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे आपल्या भागात खंजिरी गावोगाव पोचली. काकांच्या हातात ती लहानपणापासून आहे. लूपमध्ये मात्र ती त्रास देते. सातव्या मात्रेवरचा झांजांचा झणत्कार आवर्तन संपल्यावरही घुमत असतो आणि पेडल तो तिथेच तोडतं. दर समेला 'टच्' असा खटका.

उपाय जुनाच आहे, गिटारवाल्यांना ठाऊक असलेला. आवर्तन पुरं होताच प्लेवर न जाता सरळ ओव्हरडबवर (आधीच्यावर नवा थर चढवणं) जायचं आणि हात आवरायचा. मागची शेपूट दुसऱ्या फेरीच्या पहिल्या मात्रेवर आपोआप नोंदली जाते. मग ओव्हरडब बंद. पेडलच्या सेटिंगमध्ये हा क्रम ठरवता येतो. खटका गेला.

दुसरी अडचण रूपकाचीच. रूपकाची सम 'खाली'च्या मात्रेवर असते, तिथे भरीव ठोका नाही. भाऊच्या पायाला भरीव ठोक्यावर दाबायची सवय, त्यामुळे तो चौथ्या मात्रेच्या 'धी'ला सम धरून लूप बंद करत होता. काकांनी त्याला वाद्य खाली ठेवायला लावलं. "ती ती ना, धी ना, धी ना. बोल. बोलत बोलत दाब. गिटार गेली खड्ड्यात." तासाभराने पाय बसला.

२१ जून

आजची नोंद लांब होणार.

देसमध्ये दोन्ही निषाद आहेत. चढताना शुद्ध: म प नी सां. उतरताना कोमल: सां नि ध प. दोघांची गाठ पडत नाही, एक गेल्यावर दुसरा येतो, आणि त्या जाण्या-येण्यातच देस आहे. प्रायोगिक भागात आज थर चढवत गेलो. पहिल्या थरात आरोहाची ओळ गेली, पुढच्या कुठल्याशा थरात अवरोहाची. आणि दोन्ही निषाद एकाच वेळी, एकमेकांना घासत, दर पाच सेकंदांनी. काकांनी भाता सोडला.

"पंगतीत पहिल्याच वाढप्यानं मीठ-लिंबापासून ताकापर्यंत सगळं एकदम ताटात ओतावं, तसं झालं हे."

रागात स्वरांना क्रम असतो आणि लूप त्या क्रमाची थप्पी रचतो. जे एकामागून एक यायला हवं ते एकावर एक येतं. पाश्चात्त्य कॉर्डच्या संगीतात थप्पी हीच मूळ रीत, म्हणून तिथे हा घोळ कमी होतो. तिथली अडचण निराळी, लूप सुरू झाला की कॉर्डची साखळी बदलता येत नाही. आमची अडचण अशी की आमच्याकडे साखळी नाहीच, वाट आहे. रूढ आणि प्रायोगिक यांतला फरक मी आजवर 'गोड' आणि 'विचित्र' असा धरून चालले होते. तो तिथे नाही. थप्पीचं काय करायचं, याची दोन उत्तरं आहेत, एवढंच.

भाऊचं उत्तर त्याने तिथल्या तिथे दिलं, आणि ते फार सुरेख आहे. लूपमध्ये निषाद टाकायचाच नाही. खर्जात सा, वर रे आणि प. पंचमावरच्या मेजर कॉर्डमध्ये प-नी-रे असा शुद्ध निषाद येतोच, म्हणून मधला स्वर काढून नुसते प आणि रे. दोन्ही निषाद वाजवणाऱ्याच्या हातात मोकळे. यंत्राला जे सांभाळता येत नाही ते यंत्राकडे द्यायचंच नाही. काकांनी मान हलवली. रूढ भाग इथे ठरला.

माझं उत्तर अजून नाही.

२२ जून

रात्री पाऊस झाला. कूलर बंद.

२९ जून

लॅपटॉपवर सूपरलूपर नावाचं फुकट सॉफ्टवेअर चढवलं. बफर (आवाजाला होणारा उशीर यावर ठरतो) १२८ सॅम्पल, ४८ किलोहर्ट्झवर म्हणजे एका बाजूचे पावणेतीन मिलिसेकंद. हाताला जाणवत नाही.

त्यात फीडबॅक नावाची एक घुंडी आहे: दर फेरीला जुन्यातलं किती टक्के शिल्लक ठेवायचं. शंभरावर ठेवलं तर ते आपलं नेहमीचं पेडल. ९० वर सात फेऱ्यांनी आवाजाची पातळी निम्म्यावर येते, आमच्या आवर्तनात ३५ सेकंद. ८० वर तीनच फेऱ्यांत, १५ सेकंद. ५० वर नुसता प्रतिध्वनी. टेपची झीज हवी तेवढी मोजून घेता येते.

आरोहाची ओळ वाजवली आणि आलाप करत चार आवर्तनांनी कोमल निषादावर आले. ८० वर शुद्ध निषाद अजून मागे रेंगाळत होता. ७५ वर तो तिसऱ्या हिश्श्यावर उतरलेला, म्हणजे आठवणीपुरता. घासाघीस गेली. उलट त्या मावळत्या शुद्ध निषादावर कोमल ठेवताना असा एक क्षण आला की काकांनी हार्मोनियम थांबवून "पुन्हा!" म्हटलं. बाकी सारं मावळत असताना सा आणि प मात्र टिकायला हवेत, म्हणून ते निराळ्या लूपमध्ये, शंभरावर. घुंडी भाऊच्या हातात. तो ७५ ला तयार नव्हता ("ताई, चांगलं वाजून राहिलं ते पुसायचं कायले?"), ८५ मागत होता. पुढे पाहू.

६ जुलै

उलटा लूप. गज सुरू होताना जो धक्का असतो तो शेवटी जातो. सूर फुगत येतो आणि कापल्यासारखा थांबतो. छान. पण म प नी सां उलटं केलं की सां नी प म, म्हणजे उतरताना शुद्ध निषाद. देस गेला. उलट्यासाठी निषाद नसलेले तुकडेच घ्यायचे: रे म प उलटून प म रे होतं, ते चालतं.

अर्धा वेग. सूर सप्तकभर खाली, पाच सेकंदांचे दहा. व्हायोलिनचा चेलो होतो, आणि सम दर दुसऱ्या आवर्तनाला जुळते. हे ठेवलं.

दोन लूप सरकवणं. एक सात मात्रांचा, दुसरा आठांचा, ५६ मात्रांनी भेट, म्हणजे ४० सेकंदांनी. भाऊ पडद्यावर पाहत होता, काका डोळे मिटून बोटांवर मोजत होते. भेटीची सम काकांनी चुटकीने दाखवली, पडद्यावरची रेघ नेमकी तिथे. त्यांना यात मजा वाटते आहे, कबूल करत नाहीत.

१२ जुलै

प्रायोगिक भागाचा चिखल होतो. मंद्रातले स्वर साचत जातात आणि सात-आठ मिनिटांनी सगळं एकाच गढूळ गुणगुणीत बुडतं. टेप चमक खायची, इथे फीडबॅक सगळ्या पट्ट्यांना सारखाच कापतो. फेरीच्या वाटेवर १२० हर्ट्झच्या खालचं छाटणारा फिल्टर लावला, वरून थोडी चमकही कमी केली. उघडलं. जपून ठेवलेला कूलरचा थर या फिल्टरमध्ये निम्मा गेला. जो उरला तो पावसासारखा वाजतो, देसला चालेल.

१९ जुलै

पूर्ण तालीम. रूढ भागाबद्दल माझी तक्रार अशी की त्याची चढण आधीच ठरलेली असते: विरळ, दाट, आणखी दाट, संपलं. आणि थर रचताना पहिली दीड मिनिटं ऐकणाऱ्याला नुसती तयारी पाहावी लागते. भाऊचं म्हणणं, लोकांना ती तयारीच पाहायची असते. कॅफेत माना वर होतात त्या तेव्हाच. हे त्याचं खरं आहे. प्रायोगिक भागात मात्र काय आत्ताचं आणि काय मघाचं हे कोणालाच कळत नाही, आणि पंधरा मिनिटं तसंच चाललं तर माणूस मोबाइल काढतो.

काकांनी चढत्या लयीचा मुद्दा आज परत काढला. शेवटी ठरलं: रूढ भागाच्या अखेरीस भाऊ समेवर लूप बंद करेल, त्याच समेवर काका लेहरा हातात घेतील, आणि तिथून पुढे लय त्यांच्या मर्जीची. प्रायोगिक भाग त्यानंतर.

२६ जुलै

बैठक झाली. पाऊस असूनही खोली भरली.

रूढ भागाला तिसऱ्या थरापासून लोक मांडीवर ताल धरायला लागले. रूपक धरला, हे विशेष. लूप थांबून काकांचा लेहरा सुरू झाला ती जागा अनेकांच्या लक्षातच आली नाही. लय हलायला लागल्यावर लक्षात आली. ११० च्या पुढे गेले काका. दाद सगळ्यात मोठी तिथे.

प्रायोगिक भागात पहिली काही मिनिटं लोक स्पीकरकडे पाहत होते. अर्ध्या वेगाचा लूप आला तेव्हा मागून कोणीतरी विचारलं, "सारंगी कोण वाजवून राहिलं?" निषादांची जागा साधली. सात-आठाची भेट फुकट गेली, कोणाला कळली नाही. ती ऐकवायची असेल तर दोन्ही लूपांना वेगळा वर्ण हवा, एक पिझोवरचा हार्मोनियम आणि एक खंजिरी असा. दोन्ही व्हायोलिन नको.

भाऊने घुंडी ८५ वर ठेवली होती. नंतर सांगितलं.

३० जुलै

रेकॉर्डिंग ऐकलं. ८५ वर आलापात गर्दी आहे, पण द्रुतच्या तुकड्यात तीच गर्दी बरी वाटते. मग एक आकडा कशाला? आलापात ७०-७५, पुढे हळूहळू ८५ पर्यंत, हाताने फिरवत. घुंडीला खुणा करायच्या आहेत.

काकांनी स्वतःसाठी पेडल मागवायला सांगितलं आहे. अट: पायाने दाबणार नाही, वाद्याला पाय लावत नसतात. मांडी घातली की उजवा गुडघा जमिनीलगत असतो, त्याने दाबता येईल असं बटण बसवून द्यायचं. भाऊ बर्डीवर मोठं गोल बटण आणि जॅक पाहायला जाणार आहे. वायर दीड मीटर तरी हवी.